चार ओहमचा श्रावण

आमच्या गल्लीत श्रावण आधी भांड्यांना कळतो. फळीवर उपड्या घातलेल्या स्टीलच्या ताटल्या भर दुपारी बारीक थरथरायला लागतात, एकमेकींना लागून किणकिणतात, आणि मग लक्षात येतं की दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी गाडीत सबवूफर लावून बघतंय. गाणं ऐकू येत नाही. खालचा ठोका तेवढा भिंतीतून, फरशीतून घरात येतो आणि तळपायाला लागतो.

आज तसंच झालं. आई दारातल्या खाटेवर रोटाचे गहू पसरत होती. पाऊस थांबला होता, पण हवा इतकी ओली की गहू वाळतील असं तिलाही वाटत नसावं. ताटल्या वाजल्या तसा तिचा हात थांबला आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शेवटच्या वर्षाचं पुस्तक उघडून बसले होते. मला दोन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवला. मी पुस्तक मिटून वही घेतली.

कानबाई ही देवी आमच्याकडे, म्हणजे खानदेशातून इथं सुरतेला यंत्रमागांच्या, लूमच्या कामाला आलेल्या घरांकडे, फार मोठी गोष्ट आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून तिचा मुखवटा होतो. सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, होतात. सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन नाचत पाण्याकडे नेतात. गावी नदी होती, इथं भेस्तानच्या आमच्या वस्तीला नहेर आहे, म्हणजे कालवा. गावी डफ होता. इथं गाडी असते आणि गाडीत सबवूफर असतो. ज्या घरी कानबाई बसते, त्या घरानं आवाजाची सोय करायची, असं कधीतरी ठरून गेलंय. कुणी ठरवलं ते कुणाला आठवत नाही, पण मोडायची हिंमत कुणाला नाही.

त्या वर्षी कानबाई आमच्या घरी होती.

माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. मी मराठी शाळेत ‘रोध’ शिकले होते. कॉलेजात पुस्तकात ‘रेझिस्टन्स’ आला, सर फळ्यापाशी गुजरातीत ‘अवरोध’ म्हणायचे, आणि मी वहीच्या समासात तिन्ही शब्द एकाखाली एक लिहून ठेवायचे, हरवू नयेत म्हणून. त्या पेपरात मला चांगले मार्क मिळाले. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मार्कशीट हातात धरून उलटसुलट पाहिली. ते सचिन या सुरतेजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, लूम दुरुस्त करतात, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. माझे आकडे त्यांनी खात्यात सगळ्यांना सांगितले असणार, कारण नंतर आठवडाभर गल्लीतले लोक मला पंखे आणि मिक्सर दाखवायला आणत होते.

संजूदादा माझ्या काकांचा मुलगा. त्याची व्हॅन आहे, सीएनजीवरची. त्यातून तो शाळेची पोरं नेतो-आणतो. शनिवारी दुपारी तो व्हॅन दारात लावून आला आणि मागचं दार उघडून मला हाक मारली. आत बारा इंची दोन सबवूफर एका लाकडी पेटीत बसवलेले, जुन्या बाजारातून आणलेला अँप्लिफायर आणि वायरींचं भेंडोळं.

“तू इलेक्ट्रिकल शिकस ना?” तो म्हणाला. “मंग जोडी दे.”

मी गाडीतला अँप त्याआधी कधी हातात धरला नव्हता. तसं सांगायला हवं होतं. पण दारात आई होती, मोठी आई, म्हणजे संजूदादाची आई होती, चार शेजारणी होत्या, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर शंका म्हणून नव्हती. शंका असती तर मला बरं पडलं असतं.

ती दुपार मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवते. पेटीच्या आतल्या फेव्हिकॉलचा वास. सबवूफरच्या कागदी पडद्यावर बोट ठेवलं की तो आत जायचा आणि हळूच परत यायचा, श्वास घेतल्यासारखा. प्रत्येक सबवूफरला दोनाऐवजी चार टोकं होती. आत दोन कॉइल, प्रत्येकी चार ओहमची. हे मला मोबाईलवर वाचून कळलं, व्हॅनच्या पायरीवर बसून, घाम पुसत. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत बाराशे वॅट छापलं होतं. आतल्या कागदावर बारीक अक्षरात खरा आकडा होता, सतत सोसता येतील ते वॅट, अडीचशे. अँपवरही तसंच. खाली, स्क्रूच्या शेजारी, जवळजवळ पुसट झालेल्या अक्षरांत लिहिलेलं की चार ओहमवर साडेतीनशे वॅट, दोन ओहमवर सहाशे. दोनच्या खाली नेऊ नये.

मी वहीचा कागद घेतला आणि गणित मांडलं. चार कॉइल एकापुढे एक जोडल्या तर सोळा ओहम, आवाज निघणारच नाही. एका सबवूफरच्या दोन कॉइल एकापुढे एक, आठ ओहम. मग असे दोन सबवूफर शेजारी-शेजारी, चार ओहम. अँप साडेतीनशे देणार, दोघं मिळून पाचशे सोसणार. सगळं सोसण्याच्या आत. आणि चारही कॉइल शेजारी-शेजारी जोडल्या तर एक ओहम, म्हणजे अँप वायरीतून कितीतरी जास्त प्रवाह ओढणार. दोन ओहम या चार कॉइलमधून कसाही निघत नव्हता. मी तीनदा करून पाहिलं. एक, चार किंवा सोळा.

मी चार केला. कॉलेजसाठी घेतलेला स्वस्त मल्टीमीटर लावून पाहिला, त्यानं जवळपास तेवढंच दाखवलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर वायरीत फ्यूजची डबी बसवली, कारण फ्यूज बॅटरीजवळच हवा असं सगळीकडे लिहिलेलं होतं. वायर कुठे घासली, पत्र्याला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुणीच वाचवू शकत नाही, म्हणून तो तुकडा लहान ठेवायचा. मला ते फार पटलं होतं. अँपच्या अंगावरही त्याचे स्वतःचे दोन फ्यूज असायला हवे होते. तिथं कुणीतरी आधीच तारेचे तुकडे डाग देऊन बसवलेले. मी ते पाहिलं. आपली डबी आहे ना, असं मनाशी म्हणाले आणि पेटी सरकवून दिली.

आवाज आला. गोल, खोल, स्वच्छ आवाज. मोठ्या आईनं दोन्ही हातांनी माझी अलाबला घेतली. मला त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं.

रविवारी कानबाई बसली. घरात धूप, नारळ, तुपात भाजलेल्या कणकेचा वास. दुपारी पलीकडच्या गल्लीतली पोरं दर्शनाला आली, त्यांच्याकडे मोठा टेम्पो होता. जाताना त्यांतला एक व्हॅनपाशी थांबला, कान पुढे केला आणि संजूदादाला म्हणाला, “तुमनी कानबाई दवाखानामा शे का? इतला हळू आवाज?”

सगळे हसले. संजूदादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी चपलेचा अंगठा सरळ केला. मला तो चपलेचा अंगठा अजून दिसतो.

नंतर संजूदादानं मला बाजूला घेऊन विचारलं की यातून जास्त निघत नाही का. मी म्हणाले, निघेल, पण. माझं ‘पण’ तिथंच राहिलं. खरं सांगायचं तर त्यानंही जबरदस्ती केली नाही. त्यानं पाना पुढे केला आणि मी तो घेतला. कागदावरच्या तीन उत्तरांतलं पहिलं उत्तर मी माझ्याच हातानं जोडलं. चारही कॉइल शेजारी-शेजारी. एक ओहम. मला वाटलं, दीड तासाची मिरवणूक आहे, तेवढ्यात काय होतंय. अभ्यास करताना मी कधी असं म्हटलं नव्हतं.

आणि आवाज असा आला की समोरच्या घराच्या खिडकीची काच वाजली. पोरं ओरडली. नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्कशीटकडे पाहिलं होतं तसंच.

दहा मिनिटांत फ्यूज गेला. जवळ एक जादाचा होता, तो घातला, तोही गेला. प्रत्येक वेळी अँपवरचा लाल दिवा लुकलुकायचा, म्हणजे अँप आपल्या परीनं सांगत होता. संजूदादा म्हणाला, वायर ढिली असेल. मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी दुकानं अजून उघडली नव्हती. कानबाई पाटावर निघायला तयार, बायकांनी हिरवे चुडे भरलेले, आणि व्हॅन मुकी. तेव्हा नानांनी खिशातून तांब्याच्या तारेचं वेटोळं काढलं. त्यांच्या खिशात ते नेहमीच असतं. फ्यूजच्या डबीत त्यांनी तीन पदर पीळ देऊन घातले, दातानं टोक तोडलं. मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडून एवढंच आलं की नाना, फ्यूज आणून मग.

“खातामा फ्यूजनी वाट कोण देखस?” ते सहज म्हणाले. “कपडं थांबी जास.”

ते खोटं नव्हतं. खात्यात कापडाच्या मीटरवर पैसे. लूम थांबली की माणूस रिकामा. बावीस वर्षं त्यांनी त्याच तारेनं खातं चालू ठेवलं होतं आणि त्यावर माझं कॉलेज चाललं होतं. त्या माणसाला एक वर्ष शिकलेल्या मुलीनं काय सांगायचं? डबीचं झाकण त्यांनी लावलं तेव्हा टक् असा आवाज झाला.

मिरवणूक निघाली. गल्लीत चिखल, वर भुरभुर पाऊस, गुलालाचा लाल पातळ ओघळ सगळ्यांच्या मानेवर. पुढे आईच्या डोक्यावर कानबाई, मागे बायकांचा फेर, त्यांच्या मागे व्हॅन, माणूस चालेल त्या गतीनं. व्हॅनच्या मधल्या सीटवर मोठी आई बसली होती, गुडघ्यांमुळे तिला चालवत नव्हतं. मांडीवर रोटांचा डबा. तिच्या दोन्ही बाजूंना गल्लीतली पाच-सहा लहान पोरं. त्यांच्या पायांखालच्या मॅटखालून बॅटरीची वायर मागे गेलेली. आणि मागे, सबवूफरच्या पेटीच्या अगदी खाली, सीएनजीची टाकी.

मी व्हॅनच्या दाराला हात लावून चालत होते. मला तो ठोका छातीत लागत होता आणि मी मनात मोजत होते. एक ओहम. बारा व्होल्ट. तीन पदर तार. आता वितळणार नाही, कारण तिला वितळता येऊ नये अशीच ती घातली आहे. मग काय वितळेल? तिच्यानंतर जे सगळ्यांत कच्चं आहे ते. ते कुठे आहे? मॅटखाली.

चौकापाशी मला वास आला. खेळणं चुलीजवळ राहिल्यावर येतो तसा, गोडसर, जळक्या प्लास्टिकचा. मी मोठ्या आईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती. एक पोर वाकून पायाला लागलेलं गरम काहीतरी चाचपत होतं.

चौकात सगळ्यांत मोठा फेर होता. पलीकडच्या गल्लीचा टेम्पोही तिथंच उभा होता, बघायला. मला अजून आठवतं की मी तेव्हासुद्धा विचार केला: फेर संपू दे, मग सांगू. एवढी मी भित्री. दोन पावलं मी तशीच चालले. ती दोन पावलं माझ्या खात्यावर आहेत.

मग मी संजूदादाला काच ठोकून थांबवलं, आधी इंजिन बंद करायला लावलं, पोरांना हाताला धरून खाली ओढलं, मोठ्या आईला डब्यासकट उतरवलं आणि पुढच्या सीटखाली हात घालून तिथल्याच दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवलं. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा नट फिरला आणि आवाज मेला.

चौकात बायकांचे पाय हवेतच थांबल्यासारखे. टेम्पोवरचं कुणीतरी फिदीफिदी हसलं. नाना गर्दीतून पुढे आले, कपाळावर आठी, आणि त्यांनी विचारलं की काय झालं. मला कॉलेजातला एकही शब्द आठवेना. समासातले तिन्ही शब्द गेले. मला फक्त खातं आठवलं, लहानपणी एकदा त्यांनी मला दाखवलेली लूम. आडवा धागा तुटला की एक छोटा काटा पडतो आणि लूम आपोआप थांबते, नाहीतर गजच्या गज कापड वाया जातं. काही कारीगर लूम सारखी थांबू नये म्हणून तो काटाच दोऱ्यानं बांधून ठेवतात. नाना अशा कारीगरावर जेवढे चिडायचे तेवढे कशावरही नाही.

मी म्हणाले, “नाना, फ्यूज म्हंजे लूमना काटा शे. तुम्ही काटाच बांधी टाकेल शे.”

त्यांची नजर फ्यूजच्या डबीकडे गेली.

“आनी धागा मी तोडेल शे,” मी म्हणाले. “काल जोडणी मी बदली. चूक मन्ही शे.”

नानांनी मॅट उचलली. वायरीचं लाल आवरण हातभर लांब फुगलं होतं, दोन ठिकाणी तांबं उघडं पडलेलं, आणि मॅटच्या पाठीला तपकिरी डाग. त्यांनी फ्यूजच्या डबीला बोट लावलं आणि झटकन काढलं. ते बोट त्यांनी तोंडात घातलं, लहान मुलासारखं. मग मागे, टाकीकडे पाहिलं. मग चिखलात उभ्या असलेल्या पोरांकडे, एकेकाकडे.

“पहिले का बोलनी नही तू?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

उत्तरं नंतर बरीच सुचली. तुम्ही मोठे आहात, सगळे बघत होते, मला खात्री नव्हती. शेवटचं सगळ्यांत खोटं, कारण खात्री मला शनिवारपासून होती, कागदावर लिहिलेली.

व्हॅन ढकलत बाजूला नेली. कानबाई पुढे गेली. मोठी आई संजूदादाच्या खांद्यावर हात टाकून चालली, दर वीस पावलांवर थांबत, आणि तिला थांबावं लागलं की सगळी मिरवणूक थांबायची. नहेरीपर्यंत बायकांनी तोंडानं गाणी म्हटली. चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पोरं हिरमुसली होती, टेम्पोवाले मागून येऊन पुढे निघून गेले, आणि गल्लीत वर्षभर मला ‘बंद पाडणारी’ म्हणत. संजूदादानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी शाळेची पोरं सोडून आला आणि हळूच म्हणाला की पोरं बसतात ती सीट आज मी हात लावून लावून पाहिली.

त्या श्रावणानंतर मी पुष्कळ शिकले. आवाजाचं बटण आणि अँपवरचा गेन वेगळे असतात, गेन पिळत नेला की ध्वनीची टोकं कापली जातात आणि कॉइल जळते, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर हातात हलकी लागते, हे सगळं. परीक्षेत लिहिलंही. पण जे शिकायचं होतं ते त्या दोन पावलांत होतं आणि त्याचा पेपर कुणी घेत नाही.

हे लिहीपर्यंत संध्याकाळ झाली. यंदा पुन्हा कानबाई आमच्या घरी आहे. गहू मोजून झाले: नानांच्या नावानं, संजूदादाच्या, त्याच्या लहान मुलाच्या. माझ्या नावाचं माप त्यात नसतं, कधी नव्हतं. बाहेर व्हॅन उभी आहे. वायर नवी, जाड; अँप नवा. नानांच्या खिशात तारेचं वेटोळं आता नाही, त्या जागी कागदात गुंडाळलेले दोन फ्यूज असतात, आणि त्यांवरचा आकडा ते दुकानात दोनदा वाचून घेतात.

संजूदादानं जोडणी केली आहे, माझ्या कागदावरून. गल्लीतली पोरं जमली आहेत. पलीकडचा ठोका ताटल्या वाजवतोय. संजूदादाचा हात बटणाकडे गेला तसा नानांनी तो मनगटाशी धरला.

“थांब,” ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. “पोरले मोजू दे.”

सगळे थांबले. मी मल्टीमीटर घेऊन पायरीवर बसले. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली, मीटरच्या वायरीचाच शून्य पूर्णांक तीन निघतो तो वजा करायचा. मग सबवूफरच्या वायरीला लावली. तेव्हा मला भीती होती की माझ्या शब्दावर कुणी थांबणार नाही. आता सगळी गल्ली थांबली आहे आणि भीती तेवढीच आहे, कदाचित जास्त. आकडे धावत होते. दोन, पाच, चार. नाना माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मग आकडे ठरले.

“तीन पॉइंट आठ,” नानांनी वाचलं, आणि बटणाकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.

मी एकदा पुन्हा मोजलं. मग म्हणाले, लावा.